बर्फातलं रान ऑइलमध्ये करतेय, सगळं खडूसारखं पांढरं दिसतंय, मदत हवी

पळसपान

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, तेव्हा सांभाळून घ्या. मोबाईलवरून टंकतेय त्यामुळे शुद्धलेखनाकडेही काणाडोळा करा.

मी कॅनडात, ऑन्टारिओमध्ये वॉटर्लूजवळ राहते. घरामागून एक ट्रेल जातो, मेपल, बीच आणि मधूनमधून हेमलॉक अशी झाडी आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या होत्या, पुढे वॉटरकलर अधूनमधून चालू होतं, आणि या हिवाळ्यात हौसेने ऑइलचं सगळं सामान घेऊन आले. ट्रेलवरचा एक कोपरा डोक्यातून जात नाहीये. दुपारी साडेतीन-चारला ऊन अगदी तिरपं होतं आणि खोडांच्या लांबच लांब सावल्या बर्फावरून थेट पायापर्यंत येतात, ते बघून जे काही होतं ना, ते मला चित्रात आणायचंय. फोटो काढून आणले, घरी बसून केलं, तर बर्फ पांढरा, आकाश पांढरं, खोडं काळी ठिक्कर. जीवच नाही. नवरा म्हणाला मस्त झालंय, ख्रिसमस कार्ड वाटतंय. तो कौतुक करत होता म्हणून गप्प बसले.

तर प्रश्न असे की बर्फाला पांढऱ्याशिवाय काय काय वापरता? ओल्या रंगावर बारीक फांद्या काढायला गेलं की चिखल होतो त्याचं काय करायचं? आणि ते 'एक्स्प्रेसिव्ह' लँडस्केप म्हणतात ते नक्की जमतं कसं, कारण व्हिडिओ बघावेत तर कोणी नाइफने रंग थापतोय, कोणी आकाशच गुलाबी करतोय. शिवाय जूनमध्ये नाशिकला जायचंय, भावाच्या नव्या फ्लॅटसाठी हेच न्यायचा विचार आहे, 16 बाय 20 इंचाचा कॅनव्हास आहे, तोवर वाळेल का आणि गुंडाळून नेला तर चालेल का? आम्ही पण फ्लॅटमध्येच, खिडक्या एप्रिलपर्यंत बंद, त्यामुळे टर्पेंटाइनच्या वासाचाही प्रश्न आहेच.

फोडणीचा_भात

फोटोशिवाय चित्रकलेचा धागा फाऊल असतो ताई. बाकी जाणकार येतीलच, मी खुर्ची टाकून बसलोय.

जुना_जेजेकर

वॉटरकलरवरून ऑइलकडे येणाऱ्या प्रत्येकाचं हे होतं, मनाला लावून घेऊ नका. वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागद, तो राखायचा आणि उजेडाकडून अंधाराकडे जायचं. ऑइलमध्ये सगळं उलट. आधी गडद, पातळ, मग मधले, आणि उजेड सगळ्यात शेवटी, सगळ्यात जाड. तुम्ही बहुतेक पांढऱ्या कॅनव्हासवर पांढऱ्यानेच सुरुवात केली असणार, मग पुढे वर चढायला जागाच उरत नाही. पहिलं काम म्हणजे कॅनव्हासचा पांढरा मारून टाका. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) पातळ करून फडक्याने पुसून घ्या, फिकट तांबूस जमीन तयार होते, तिच्यावर सावलीचा निळा लावला की तो आपोआप बोलतो.

आता बर्फ. एक पांढरा कोरा कागद घेऊन त्या ट्रेलवर जा, कागद उन्हात धरा आणि त्याच्याशेजारी दिसणारा सावलीतला बर्फ डोळे किलकिले करून बघा. आपण बर्फ पांढरा असतो असं धरून चालतो म्हणून तो तसा दिसतो, एवढंच. माझ्या हिशेबात काळा 1 आणि पांढरा 10 धरला तर उन्हातला बर्फ 9, सावलीतला 6 किंवा 7, खोडं 2 ते 4. तो 10 म्हणजे ट्यूबमधला नुसता टायटेनियम पांढरा, तो अख्ख्या चित्रात दोन-तीन ठिकाणी, नखाएवढा. आकाशाचंही लक्षात ठेवा, निरभ्र दिवशी ते उन्हातल्या बर्फापेक्षा गडद असतं, ढगाळ दिवशी उजेड ढगातूनच येतो म्हणून बहुतेक वेळा ते बर्फाहून उजळ. तुमचं चित्र साडेतीनच्या उन्हाचं आहे म्हणजे आकाश पांढरं असण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि फोटोवर भरवसा ठेवू नका. कॅमेऱ्याला समोर सगळा बर्फ दिसला की तो एक्स्पोजर कमी करतो, मग बर्फ राखाडी येतो आणि खोडं काळी. तुमची काळी ठिक्कर खोडं तिथून आली आहेत, त्या रानातून नाही.

सावली निळी का, तर तिथे थेट ऊन पोचत नाही, वरच्या आकाशाचा उजेड तेवढा पोचतो. मोनेने 1868-69 च्या हिवाळ्यात फाटकावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचं चित्र केलं त्यात अशा निळसर सावल्या घातल्या, 1869 च्या सलोनने (पॅरिसचं मोठं चित्रप्रदर्शन) ते नाकारलं. आता तेच चित्र पॅरिसला ओर्से म्युझियममध्ये आहे.

रंग फार नकोत. अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना, अलिझरिन (गडद लाल), नेपल्स यलो (फिकट पिवळा), टायटेनियम. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जवळजवळ काळा होतो, तोच पांढऱ्यात घातला की हवे तितके राखाडी, प्रमाण बदललं की कधी थंड कधी उबदार. सावलीच्या बर्फाला यातला निळ्याकडे झुकणारा, कडेला किंचित अलिझरिन. उन्हातल्या बर्फाला पांढऱ्यात नेपल्स यलो, अगदी कळेल न कळेल इतकाच. ट्यूबमधला काळा घेऊ नका, चित्र मरतं.

ओटावाकर

काकांशी सगळं सहमत, फक्त काळ्याचं नाही. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात घातला की छान निळसर राखाडी मिळतो, ढगाळ दिवसाच्या बर्फाला मला तोच आवडतो. काळा वापरू नका हे आपल्याकडे प्रत्येक मास्तर सांगतो आणि कोणी तपासून बघत नाही. (काका, हलके घ्या.)

पळसपान, तू तर या विषयाच्या माहेरघरीच राहतेस गं! क्लाइनबर्गला मॅकमायकल म्हणून गॅलरी आहे, तुझ्याकडून गाडीने तास-सव्वा तास, तिथे जाऊन टॉम थॉमसनची छोटी चित्रं बघ. हा माणूस अल्गोन्क्विन पार्कात जाऊन साधारण साडेआठ बाय साडेदहा इंचाच्या लाकडी फळ्यांवर जागच्या जागी ऑइलमध्ये रंगवायचा, अशी सुमारे 400 स्केचेस मागे ठेवून 1917 च्या जुलैमध्ये तिथल्याच कनू लेकमध्ये वारला, वय 39. ग्रुप ऑफ सेव्हन (कॅनडातल्या निसर्गचित्रकारांचा गट) स्थापन झाला तो त्यानंतर, 1920 मध्ये. ती स्केचेस काचेला नाक लावून बघ. बऱ्याच ठिकाणी दोन फटकाऱ्यांच्या मधून खालचं लाकूड तसंच दिसतं, त्याने भरलेलंच नाही, आणि बर्फात ऊब येते ती त्या उघड्या लाकडाची. काका म्हणतात ती तांबूस जमीन म्हणजे हेच. फटकारा एकदा मारला की परत त्याच्यावर हात नाही. आपण काय करतो, सावली मारतो, मग ती उन्हाच्या कडेला घासून मऊ करतो, मग अजून मऊ करतो, आणि खडू तयार.

ओटावाला आलीस तर नॅशनल गॅलरीत लॉरेन हॅरिसचं 1915 चं बर्फाने लदलेल्या स्प्रूसचं चित्र आहे, त्यातला बर्फ बघून पांढऱ्या रंगावरचा विश्वासच उडतो. हॅरिस आणि जे. ई. एच. मॅकडॉनल्ड दोघं 1913 च्या जानेवारीत बफेलोला स्कँडिनेव्हियन चित्रांचं प्रदर्शन बघायला गेले होते आणि उत्तरेकडचं रान असंही रंगवता येतं हे तिथून डोक्यात घेऊन आले.

तुझ्या ट्रेलबद्दल दोन गोष्टी, कारण अशाच रानात मी फिरतो. बीचची कोवळी झाडं हिवाळाभर वाळलेली पानं सोडत नाहीत. फिकट तांबूस, कागदासारखी, वारा आला की कुरकुरतात. निळ्या सावलीच्या शेजारी त्या रंगाचा एक ठिपका पडला की चित्र जागं होतं, त्यासाठी आकाश गुलाबी करायची गरज नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडाच्या बुंध्याशी नीट बघ, बर्फात गोल खळगा पडलेला असतो. गडद साल उन्हाने तापते आणि भोवतीचा बर्फ आधी वितळतो. खोड सरळ पांढऱ्यात खुपसलं की ते खांब वाटतं, त्या खळग्याची एक गडद, उबदार कड दिली की ते जमिनीतून आलेलं वाटतं. सावल्याही सरळ रेषेत ओढू नकोस, बर्फाखाली पडकी झाडं, दगड असतात, त्यांच्यावरून सावली वर चढते, खाली उतरते, आणि त्यावरूनच जमिनीचा आकार कळतो. खोडांमधली अंतरं मात्र सारखी ठेवू नकोस, हात नकळत तेच करतो, दोन चिकटून, मग मोठी फट, मग एक तिरकं.

निळीसावली

मी रसायनवाली, चित्रं बघते पण रंगवण्यापेक्षा डबीच्या मागचं जास्त वाचते, तर ते लिहिते.

वासाचं आधी. बंद फ्लॅटमध्ये टर्पेंटाइन नकोच. ओडरलेस म्हणून जे मिळतं त्याला वास नसतो, वाफ असतेच, त्यामुळे तेही उघड्या बरणीत तासनतास ठेवू नका. सॉल्व्हंटशिवाय (रंग पातळ करायच्या, ब्रश धुवायच्या द्रावाशिवाय) काम होतं, ब्रश मधूनमधून फडक्याला पुसायचे, सॅफ्लॉवर किंवा वॉलनट तेलात खळबळायचे, शेवटी साबण आणि कोमट पाणी. पाण्यात मिसळणारे ऑइल कलर पण मिळतात, पण ते पाणी घालून बाहेर थंडीत न्यायचे नाहीत, गोठतं.

फडकी चोळामोळा करून कचऱ्यात टाकू नका. हे मी ओरडून सांगतेय असं समजा. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते, आणि गोळा केलेल्या फडक्यात ती अडकून आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

पांढऱ्याच्या ट्यूबवर झिंक लिहिलंय का बघा, बऱ्याचदा टायटेनियममध्ये मिसळलेलं असतं. झिंकचा थर काळानुसार ठिसूळ होतो, तडकतो, खालच्या थरापासून सुटतो, आणि बर्फाच्या चित्रात अर्धं चित्र पांढऱ्याचंच. त्यामुळे नुसता टायटेनियम घ्या.

वाळण्याचं: तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, म्हणून जाड थराला महिनोन्‌महिने लागतात, वरून साय धरते आणि आत ओलं असतं. त्यात टायटेनियम आणि अलिझरिन दोन्ही सावकाश वाळणारे. अल्किड मीडियम, म्हणजे लिक्विन वगैरे, थोडं मिसळलं की पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही. खाली कमी तेल, वर जास्त तेल हा नियम पाळा, नाहीतर वरचा थर आधी वाळून चिरा जातात.

पळसपान

बापरे, केवढं लिहिलंय सगळ्यांनी, दंडवत घ्या! वाचनखूण साठवली.

काका, कागद घेऊन गेले होते, कुत्री फिरवणारी मंडळी माझ्याकडे बघत होती ते जाऊ दे. सावलीतला बर्फ त्या कागदाशेजारी चक्क गडद निळसर राखाडी, आणि लांबच्या सावल्या जवळच्यांपेक्षा फिकट, जांभळ्याकडे जाणाऱ्या. आणि ओटावाकर, खळगे आहेत हो! रोज तिथून जाते, कधी दिसले नव्हते.

पण माझा मधला प्रश्न राहिला. हे सगळं नीट केलं तर चित्र बरोबर येईल, पण मला नुसतं बरोबर नकोय. एक्स्प्रेसिव्ह म्हणजे रंग भडक करायचे की ब्रश जोरात मारायचा?

फोडणीचा_भात

दोन्ही करून बघा, आणि नवऱ्याला ओळखायला सांगा कोणतं कार्ड आहे.

जुना_जेजेकर

ब्रश जोरात मारून काही होत नाही, फक्त रंग जास्त लागतो. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये स्वतःच लिहिलंय, खोडांच्या सावल्या थेट पायापर्यंत येतात. आकाशाबद्दल एक शब्द नाही, फांद्यांबद्दल नाही. मग चित्रात आकाश कशाला हवंय? क्षितिज उचलून वरच्या कडेजवळ न्या, तीन चतुर्थांश जागा बर्फाला आणि सावल्यांना द्या, खोडं वरून सरळ कापून टाका. बारीक फांद्यांचा प्रश्न तिथेच मिटला, कारण त्या चौकटीतच नाहीत. मग सावल्या जरा लांबवा, जरा रुंद करा, खालच्या कडेतून बाहेर जाऊ द्या, म्हणजे बघणाऱ्याच्या पायाखालून गेल्या पाहिजेत. रंग भडक करायची गरज नाही, सावलीचा निळा डोळ्याला दिसतो त्याच्या एक पायरी पुढे न्या, बाकी सगळं त्याच्या मागे राहू द्या.

रशियात इगोर ग्राबारने 1904 च्या फेब्रुवारीत मॉस्कोबाहेर बर्चची झाडं केली, ते चित्र ट्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. याला काठी उचलायला वाकताना खालून वर बघितल्यावर त्या झाडांमागचं निळं आकाश भिडलं. मग पठ्ठ्याने बर्फात मीटरभराहून खोल चर खणला, त्यात ईझल लावलं आणि खालून वर बघत रंगवलं, वर छत्री लावली तीही निळी रंगवून, म्हणजे उजेडाचा रंग बिघडायला नको. त्याला आकाश हवं होतं म्हणून तो खाली गेला. तुम्हाला जमीन हवी आहे, तर तुम्ही मान खाली घाला. असा निर्णय झाला की फटकारे आपोआप ठाम येतात, हात चाचपडतो तो काय हवंय ते ठरलेलं नसतं म्हणून.

रंगाला हात लावायच्या आधी कोळशाने किंवा पेन्सिलीने काडेपेटीएवढ्या चौकटी काढा, फक्त तीन टोन, गडद, मधला, उजळ. काळ्या-पांढऱ्यात सावल्या चालत आल्यासारख्या वाटल्या तरच पुढे जा.

ओटावाकर

फांद्या पूर्ण काढायच्या यावर माझं मत वेगळं आहे, त्या रानाचा काटेरीपणा फांद्यांतच असतो, निदान झुडपं तरी राहू देत. करायची युक्ती अशी की मागचा रंग ओला असतानाच जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने (माझं एक्सपायर झालेलं प्रेस्टो, म्हणजे बसचं कार्ड याच कामाला आहे) किंवा ब्रशच्या मागच्या टोकाने खरवडायचं, खालची तांबूस जमीन उघडी पडते आणि काटकी तयार. गडद फांदी हवी असेल तर रिगर (लांब केसांचा बारीक) ब्रश, रंग किंचित तेल घालून शाईइतका पातळ, एक फटकारा, ब्रश पुसायचा, मग दुसरा. पुसायचा कंटाळा केला की चिखल होतो, दुसरं कारण नाही. आणि झाडोऱ्याच्या दाट भागात फांद्या रंगवूच नकोस, तो सगळा राखाडी-जांभळट पट्टा एकदम टाक आणि त्यात मागच्या उजेडाची भोकं कोरून काढ.

रंग फार जाड झाला तर चिखलात खेळत बसू नकोस, वर्तमानपत्र दाबून उचल, जास्तीचा रंग कागदाबरोबर येतो आणि खाली मऊ छाप राहते, ती दूरच्या झाडांना अनेकदा तशीच चालून जाते.

आणि एकदा तरी बाहेर उभी राहून कर. उणे दहाला ट्यूबमधून रंग निघता निघत नाही, खिशात ठेवून गरम करावा लागतो, आणि तिरपं ऊन पाऊण तासात निघून जातं, त्यामुळे निवांत घासत बसायची सोयच नसते. 8 बाय 10 चा बोर्ड घे, फक्त सावल्यांचा नकाशा आणि चार रंग उतरवून आण, मोठं चित्र घरी त्यावरून कर, फोटोवरून नको.

पळसपान

काका आणि ओटावाकर, तुमचं फांद्यांवरून चालू द्या, मी क्षितिज वर नेतेय आणि डाव्या कोपऱ्यात बीचचं एकच झुडूप खरवडून ठेवतेय, दोघांचीही सोय. चौकटी काढल्या, आकाश गेल्यावर एकदम जीव आला त्यात. 16 बाय 20 सध्या बाजूला, आधी बोर्ड.

निळीसावली ताई, नाशिकचं तेवढं सांगा ना, जूनपर्यंत होईल का?

निळीसावली

बोर्डावर पातळ केलंत आणि जाड रंग फक्त त्या दोन-तीन उजेडाच्या जागी ठेवलात तर मार्चमध्ये संपवलेलं जूनपर्यंत न्यायच्या लायक होईल, नखाने एका कोपऱ्यात हलकेच दाबून बघा, खूण उठली तर अजून आत ओलं आहे. कॅनव्हास गुंडाळायचाच झाला तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळीवर, पण जाड थर असेल तर तसंही नको, तडकतो. त्यापेक्षा 8 बाय 10 चा बोर्ड केबिन बॅगेत सरळ मावतो. रंगावर थेट बबल रॅप लावू नका, गोल गोल ठसे उठतात आणि जात नाहीत, आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा कागद) किंवा सिलिकॉनचा बेकिंग पेपर, मग पुठ्ठा, मग बाकीचं.

व्हार्निश जायच्या आधी करू नका, सहा महिने ते वर्ष थांबायचं असतं, भावाला सांगून ठेवा की पुढच्या फेरीत तुम्हीच येऊन लावाल. आणि तोवर चित्र कपाटात गुंडाळून ठेवायचं नाही, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, बर्फाच्या चित्रात ते लगेच कळतं. पडलंच तर उजेडाच्या खोलीत काही आठवडे टांगलं की बरंचसं उतरतं, फक्त थेट उन्हाची भिंत नको.